गल्लीतली दुरुस्ती: सुरू कशी करायची आणि चालू कशी ठेवायची

मोडलेली वस्तू दुरुस्त करू म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, आपल्याला कुठे येतंय? पण अडचण तिथे नसतेच. कुठल्याही वस्तीत चार घरं फिरून बघा, शिवणकामात हात बसलेलं कुणीतरी सापडतंच, रिटायर झालेला एखादा फिटर किंवा वायरमन असतो, सायकल पूर्ण सोडवून परत जोडणारी पोरं असतात. फक्त त्यांची एकमेकांना खबर नसते, हत्यारं दहा घरांत विखुरलेली असतात, कुठला पार्ट लागणार हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि सगळ्यांच्या मालकीच्या वस्तू म्हणजे जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, गेटची बिजागरी, यांच्या बाबतीत तर 'बघेल कुणीतरी' म्हणत सगळेच मोकळे. कसब आहे, मांडणी नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं त्या मांडणीबद्दल, पहिल्या माणसाला विचारण्यापासून ते दुरुस्त न होणाऱ्या वस्तूचं काय करायचं इथपर्यंत.

कशाला एवढा खटाटोप असं वाटत असेल तर एक आकडा सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. पण खरं सांगू का, असले आकडे ऐकून लोक दोन मिनिटं हळहळतात आणि घरी जाऊन नवीन मिक्सर ऑर्डर करतात. माणूस परत परत येतो तो वेगळ्याच कारणाने: आपली वस्तू आपल्यासमोर उघडली, बिघाड डोळ्यांनी दिसला, पुढच्या वेळी निम्मं आपलं आपल्यालाच कळलं. ही गोडी एकदा लागली की कचऱ्यावर भाषण द्यायची गरज राहत नाही.

शेजाऱ्यांनी एका जागी जमून आपल्या वस्तू दुरुस्त करायच्या, या कल्पनेला जगभर ओळख मिळाली ती रिपेअर कॅफे या नावाने. मार्टिन पोस्टमा नावाच्या डच पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला भरवला, त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियात फिक्सिट क्लिनिक सुरू झालं, आणि आता असे मेळावे कितीतरी देशांत भरतात. दोन्हीकडचा कणा एकच: वस्तू टेबलावर ठेवून निघून जायचं नाही, मालकाने दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं. हा नियम मोडला की तुमचा उपक्रम फुकटचं सर्व्हिस सेंटर होतो आणि दोन-तीन महिन्यांत दुरुस्त करणारे कंटाळून येणं बंद करतात. बाकी सगळे नियम तुम्ही तुमच्या सोयीने बदला, याला हात लावू नका.

पहिली पायरी: माणसं

'कुणाला मदत करायची इच्छा आहे का' असं विचारू नका, ग्रुपवर पन्नास अंगठे येतात आणि त्या दिवशी दोघंजण उगवतात. त्यापेक्षा एकेकाला गाठून विचारा, तुम्ही शेवटचं काय उघडून नीट केलं होतं? या प्रश्नाला जो लगेच, तपशिलात, मधेच हाताने खुणा करत उत्तर देतो तो तुमचा माणूस. जास्त चालणाऱ्या कामांना निदान दोघं हवेत, कारण एकावर भिस्त ठेवली आणि तो आजारी पडला की सगळं ठप्प. विजेच्या वस्तूंना दोघं, शिवण-रफूला दोघं, लाकूड आणि चिकटवाचिकटवीला एक, सायकलला एक, एवढ्यावर मजेत सुरुवात होते. नवशिके असतील तर त्यांना जाणत्याच्या शेजारी बसवा, पण स्क्रू ड्रायव्हर नवशिक्याच्या हातात द्या आणि जाणत्याला तोंडाने सांगायला लावा. जाणत्यांना हे फार जड जातं, त्यांचा हात शिवशिवतो, तरी लावून धरा.

आणि एक माणूस असा शोधा ज्याने कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. तो दारात बसणार, येणाऱ्याची वस्तू लिहून घेणार, नंबर देणार, कुणाला किती वेळ लागेल ते सांगणार, आणि 'हे आपण घेत नाही' हे गोड आवाजात सांगणार. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. उत्तम कारागीर असूनही मेळावा गोंधळाचा झाला तर बहुतेक वेळा दारातली खुर्ची रिकामी असते.

दुसरी पायरी: जागा

उजेड हवा, खूप हवा. दोन टेबलं भिंतीला लागून, प्लग पॉइंट जवळ, फरशी कडक (गालिच्यावर पडलेला छोटा स्क्रू सापडत नाही), खिडक्या उघडणाऱ्या, कारण सोल्डरिंगचा धूर आणि डिंकाचा वास कोंडून राहिला तर डोकं उठतं. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा असलं काही करायचं नाही. विजेच्या टेबलाला जो सप्लाय येतो तो ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमधून आलाच पाहिजे, यावर तडजोड नको. फ्यूज किंवा साधा एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून गळणारा थोडासा करंट ओळखून सप्लाय तोडतो तो आरसीसीबी. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, सुरू करण्याआधी ते दाबून तो पडतोय ना ते बघायचं, दर वेळी.

तिसरी पायरी: हत्यारं

एकदम सगळं विकत घ्यायला जाऊ नका. आधी घरोघरी काय पडलंय त्याची यादी करा, बहुतेक सगळं निघतं. जे हमखास लागतं ते म्हणजे बरा मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजणारं यंत्र), फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पीएच०, पीएच१, पीएच२ या तिन्ही मापांत, चपटे दोन, टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या टोकांचा) सेट, पक्कड, नोज प्लायर, वायर स्ट्रिपर, क्रिंपिंगची (जोड दाबून पक्का करायची) पक्कड, सोल्डरिंग आयर्न, कानस, चार-पाच क्लँप, सुयांचा डबा, शिवण उसवायचं सीम रिपर. मोबाइल-लॅपटॉप उघडायला प्लॅस्टिकची पातळ पट्टी, कारण स्टीलच्या पात्याने बॅटरीला टोचलं तर पंचाईत. स्क्रूचे माप चुकलं की डोकं खाल्लं जातं, म्हणून ड्रायव्हर बसवून बघायचा, हलत असेल तर दुसरा घ्यायचा. डोकं आधीच गेलेलं असेल तर मधे रुंद रबरबँड ठेवून दाबून फिरवा, बऱ्याचदा निघतो.

सटरफटर सामान वेगळ्या खोक्यात: नळाचे वॉशर, निरनिराळ्या रेटिंगचे फ्यूज, हीट श्रिंक नळी (तापवली की वायरच्या जोडावर आवळून बसणारी), चेनचे रनर, बटणं, जाड दोरा, लाकडाचा पांढरा डिंक, मशिन ऑइल, ग्रीस.

ऑइलवरून आठवलं, डब्ल्यूडी-४० म्हणजे सगळ्या रोगांवर औषध असा एक सार्वत्रिक समज आहे. नावातच लिहिलंय की ते पाणी हटवणारं मिश्रण, वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळीसावा प्रयत्न. गंजलेला नट सोडवायला झकास, पण बिजागरीवर तेवढंच मारून सोडलं तर थोड्या दिवसांत कुरकुर परत सुरू, तिथे मशिन ऑइल किंवा ग्रीसच लागतं. आणि कुलपात कुठलंच तेल ओतू नका, धूळ धरतं आणि आतल्या पिना चिकटतात, ग्रॅफाइटची पावडर फुंकायची.

हत्यारं उधार द्यायची सोय करणार असाल तर अवश्य करा, अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या सार्वजनिक वाचनालयात १९७९ पासून पुस्तकांसारखी हत्यारं घरी नेता येतात, म्हणजे हे चालतं. मुठींना एकाच भडक रंगाचा पट्टा मारा, वहीत नाव-तारीख, परत देताना पुसून. तुटलं तर दंड नाही, फक्त सांगायचं. दंड ठेवला की लोक तुटलेलं गुपचूप खोक्यात ठेवून जातात आणि ते कळतं नेमकं कामाच्या वेळी.

चौथी पायरी: काय घ्यायचं आणि काय नाही

यादी मोठ्या अक्षरात दारावर लावा. मायक्रोवेव्ह घ्यायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्या हाय व्होल्टेज कपॅसिटरमध्ये जीव जाईल एवढा चार्ज राहू शकतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्याच कारणाने नाही. गॅसवर चालणारं काहीच नाही. हेल्मेट, गाडीतली लहान मुलाची सीट, चढाईचे दोर, असल्या जीव वाचवणाऱ्या वस्तू नाहीत, त्या वरून चांगल्या दिसल्या तरी आतून गेलेल्या असू शकतात आणि आपल्याकडे ते तपासायची सोय नाही. फुगलेल्या बॅटरीचा फोन आला तर टेबलावर येऊच द्यायचा नाही: चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, मोकळ्या जागी वाळूच्या डब्यात ठेवून बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्राकडे रवानगी.

सोबत एक साधा कागद, ज्यावर आलेल्याने सही करायची: वस्तू माझी आहे, ती दुरुस्त होईलच अशी हमी नाही, उघडताना आणखी बिघडू शकते, वॉरंटी असेल तर ती जाऊ शकते, दुरुस्तीनंतरची जबाबदारी माझी. कायदेशीर भाषा नको, चार ओळी पुरतात. पण वाचून दाखवा. सही घेऊन वाचून न दाखवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

तीन तास पुरे. शेवटच्या अर्ध्या तासात नवीन वस्तू घ्यायची नाही, कारण अर्धवट उघडलेला मिक्सर पिशवीत भरून घरी न्यायला लागला की माणूस परत फिरकत नाही. एका वेळी एकाने एकच वस्तू आणायची, दुसरी असेल तर रांग संपल्यावर. नंबर आला की काम चार प्रश्नांनी सुरू होतं: बंद पडली तेव्हा काय करत होता, वास किंवा आवाज आला का, पडली होती का, आणि याआधी कुणी उघडली होती का. चौथा प्रश्न लोक लाजून टाळतात, तुम्ही हसून विचारा. आधी कुणीतरी उघडून दोन वायर उलटसुलट जोडलेली वस्तू असेल तर सगळा तपास वेगळ्या दिशेने करावा लागतो.

उघडण्याआधी फोटो, प्रत्येक टप्प्याला फोटो, आणि कागदावर वस्तूचा ओबडधोबड आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने चिकटवायचा, कारण सगळे स्क्रू सारखे दिसतात पण दोन-तीन जास्त लांब असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर आतलं काहीतरी फोडतो.

आता एक वस्तू जवळून बघू, इस्त्री. तक्रार: तापत नाही. प्लग काढलेला आहे याची खात्री, गार झाली आहे याची खात्री. मल्टीमीटर ओहमवर लावा, रेग्युलेटर फुल करा, आणि प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांना दोन टोकं टेकवा. २३० व्होल्टवर चालणारी १००० वॉटची इस्त्री असेल तर ५३ ओहमच्या आसपास रीडिंग यायला हवं (व्होल्टचा वर्ग भागिले वॉट, एवढंच गणित). इथे पुष्कळ जण मीटर बीपवर (जोड असला की वाजतं त्या सेटिंगवर) ठेवतात, बीप वाजली नाही की कॉइल गेली म्हणून मोकळे होतात. पण बऱ्याच मीटरची बीप थोड्याशाच ओहमपर्यंत वाजते, कॉइल चांगली असूनही ती गप्प राहू शकते. म्हणून आकडा वाचायचा.

रीडिंग अजिबात नसेल तर पहिला संशय वायरवर, कॉइलवर नाही. वायर इस्त्रीत शिरते तिथे आणि प्लगच्या मुळाशी ती रोज वाकते, आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि वरचं कव्हर मात्र शाबूत दिसतं. मीटर लावलेला ठेवून त्या जागी वायर हलवा, आकडा लुकलुकला की चोर सापडला. तेवढा तुकडा कापून नव्याने जोडायचा, किंवा वायरच बदलायची. वायर ठीक असेल तर मागचं झाकण उघडा आणि एकेक भाग तपासत पुढे जा: थर्मोस्टॅटचे (ठरलेल्या तापमानाला करंट तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट काळे पडलेत का, थर्मल फ्यूज उडालाय का, आणि सगळ्यात शेवटी कॉइल.

थर्मल फ्यूजपाशी जरा थांबू, कारण लोक इथेच घात करतात. हा फ्यूज ठरावीक तापमानाला एकदाच उडतो आणि परत जुळत नाही. तो उडालेला दिसला की त्याच्या जागी साधी तार टाकून इस्त्री 'चालू करून दिली' असं सांगणारे महाभाग आहेत. चालू होते, आणि एक दिवस पेट घेते. नवा फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा लावायचा, आणि तो सोल्डर करायचा नाही, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो, क्रिंप करायचा. आणि मुळात का उडाला ते शोधायचं. बऱ्याचदा थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना वेल्ड झालेले असतात, इस्त्री थांबतच नाही, आणि बिचारा फ्यूज त्याचं काम करून गेलेला असतो. थर्मोस्टॅट न बदलता फ्यूज बदलला तर तोही उडणार.

झाकण परत बसवल्यावर, इस्त्री सुरू करण्याआधी दोन तपासण्या, न चुकता: अर्थची पिन आणि इस्त्रीचा धातूचा तळ यांच्यात जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत, आणि फेज-न्यूट्रल पिना आणि तळ यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. मगच आरसीसीबीच्या सॉकेटमध्ये. हाच क्रम किटलीला, हेअर ड्रायरला, टोस्टरला लागू पडतो, म्हणून इस्त्री नीट शिकवली की चार वस्तू शिकवल्यासारखं होतं.

डुगडुगणाऱ्या खुर्चीचं उलट आहे, तिथे ज्ञान कमी आणि धीर जास्त लागतो. सगळ्यांना खिळा ठोकायचा असतो. खिळ्याने लाकूड चिरतं आणि सांधा कायमचा जातो. सैल झालेला सांधा कापड गुंडाळलेल्या हातोडीने हळूहळू पूर्ण सोडवा, जुना डिंक चाकूने आणि पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत खरवडा, कारण पांढरा डिंक वाळलेल्या जुन्या डिंकावर धरत नाही, कोऱ्या लाकडावरच धरतो. मग नवा डिंक दोन्ही बाजूंना पातळ, सांधा बसवा, क्लँप लावा. क्लँप नसेल तर दोरीचे दोन वेढे घेऊन मधे काठी घालून पीळ द्या. ओला डिंक बाहेर येईल तो लगेच पुसा, खुर्ची सपाट जमिनीवर चारही पायांवर उभी आहे ना बघा, आणि २४ तास तिच्यावर कुणी बसायचं नाही. ही वस्तू त्या दिवशी घरी जाणार तीच दोरी बांधलेल्या अवस्थेत, हे मालकाला आधीच सांगा.

बाकीच्यांचं भरभर सांगतो. बॅगेची चेन मागून उघडत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा दाते चांगले असतात, रनर सैल झालेला असतो. रनरच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी थोड्या दाबा, चालवून बघा, परत थोड्या दाबा. एकदम जोर लावला तर रनर तुटतो. मिक्सर अचानक बंद पडला तर आधी खालचं ओव्हरलोडचं बटण दाबा, आतून जास्त ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश झिजलेत. पंखा हळू झाला आणि हाताने मोकळा फिरतोय तर कपॅसिटर बदला. रिमोटमध्ये सेल गळून पांढरं-हिरवं साचलं असेल तर अल्कलाइन सेलचा तो खार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळवा. सायकलच्या चेनचे २४ जोड नव्याने बरोबर १२ इंच भरतात. त्यात अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की चेन बदला, एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर मागची दातेरी चाकंही गेली म्हणून समजा.

सहावी पायरी: वही

कंटाळवाणं वाटेल, पण वही नसेल तर दर वेळी शून्यापासून सुरुवात. वस्तू, ब्रँड, मॉडेल नंबर, साधारण वय, तक्रार, सापडलेला बिघाड, काय केलं, आणि शेवटी तीनपैकी एक शेरा: दुरुस्त झाली, होऊ शकते पण पार्ट हवा, किंवा संपली. जगभरातले दुरुस्ती गट ओपन रिपेअर डेटाच्या नावाखाली साधारण हेच तीन शेरे वापरून नोंदी एकत्र करतात. काही महिन्यांनी वही चाळली की आपल्या वस्तीत कुठली वस्तू कुठल्या जागी मोडते ते दिसायला लागतं, मग ते पार्ट आधीच आणून ठेवता येतात, आणि नवीन घेताना काय घेऊ नये हेही कळतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागायचे: माहितीपुस्तिका मिळते का, उघडता येते का, पार्ट मिळतात का, केवढ्याला मिळतात. तुमच्याकडे छापलेले गुण नसले तरी दुकानात हेच चार प्रश्न विचारता येतात. स्क्रूने बंद केलेली वस्तू घ्या, डिंकाने बंद केलेली टाळा.

सातवी पायरी: सगळ्यांच्या वस्तू

इथे दुरुस्ती कमी आणि देखभाल जास्त. घरातल्या वस्तूचा वाली असतो, जिन्याच्या कठड्याचा नसतो. आणि देखभालीचं दुर्दैव असं की ती नीट झाली की काहीच दिसत नाही; पंप फुटल्यावर रात्री धावपळ करणाऱ्याचं कौतुक होतं, दर महिन्याला त्याचा आवाज ऐकून ग्लँड (पाणी गळू नये म्हणून असलेला जोड) आवळणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

एका रविवारी चार जण मिळून परिसर फिरा आणि प्रत्येक सामायिक वस्तू लिहा: दिवे, पंप, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, नळ, गटाराच्या जाळ्या, पन्हळी, दारं, बाक, कठडे, आग विझवायचे सिलिंडर. प्रत्येकापुढे शेवटचं काम कधी झालं, पुढचं कधी, कुणाचं नाव, आणि कुठला पार्ट लागतो. नाव म्हणजे माणसाचं नाव, 'समिती' हे नाव नाही. एक मुख्य आणि एक बदली. महिन्याला बघायच्या गोष्टी म्हणजे दिवे, पंपाचा आवाज, सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, गळके नळ. पावसाळ्याआधी पन्हळी आणि जाळ्या, छताच्या भेगा. सहा महिन्यांनी टाकी धुणं, बिजागऱ्यांना ऑइल. वर्षाला एकदा लोखंडाला गंज खरवडून प्रायमर आणि रंग, लाकडी बाकाचे बोल्ट आवळणं. गळक्या नळाला दर वेळी जोर लावून पिळण्यापेक्षा मेन बंद करून वॉशर बदला, जोर लावल्याने वॉशरखालची बैठक खराब होते आणि मग सगळा नळच बदलावा लागतो.

यादी केल्यावर एक गोष्ट खटकेल: बऱ्याच वस्तूंची देखभाल होत नाही कारण तिथे पोचताच येत नाही. दिवा इतका उंच की शिडी मागवावी लागते, व्हॉल्व्ह भिंतीआड, पंपाच्या खोलीची किल्ली एकाकडेच. यावर मालीमधल्या जेने शहरातल्या मोठ्या मशिदीचं उदाहरण मला फार आवडतं. आजची इमारत १९०७ ची, सगळी मातीची, आणि पाऊस दर वर्षी तिचा थर धुऊन नेतो, म्हणून दर वर्षी सगळं गाव मिळून नवा गिलावा चढवतं. भिंतींतून जे ताडाच्या लाकडाचे दांडे बाहेर आलेले दिसतात ते शोभा आणतातच, पण त्यांच्यावरच चढून माणसं लिंपण करतात, म्हणजे परांची इमारत उभारतानाच भिंतीत बसवलेली. तुमच्याकडे एवढं नको, पण पंपाच्या किल्लीची दुसरी प्रत, व्हॉल्व्हवर कशाचा आहे ते लिहिलेली पट्टी, आणि दिवा खाली उतरवता येईल अशी कप्पी, एवढं केलंत तरी निम्मी देखभाल आपोआप व्हायला लागते.

काम करताना जो शिकतोय तो आणि जो जाणतो तो जोडीने जावेत. एकटा जाणकार पटकन उरकून येतो आणि ज्ञान त्याच्या डोक्यातच राहतं, मग तो घर बदलून गेला की पंप कुठल्या कंपनीचा आहे इथपासून शोधाशोध.

पैसा आणि दुरुस्तीवर पोट असलेली माणसं

टेबलावर डबा ठेवा, ज्याला जे टाकायचं ते टाकेल, त्यातून सटरफटर सामान येतं. पार्टचे पैसे मात्र मालकाचे, ते डब्यात मिसळू नका. हिशोब त्याच वहीच्या मागच्या पानावर, कुणालाही बघता येईल असा.

आणि हे जरा ठासून सांगतो: तुमच्या भागात कुणी दुरुस्तीवर पोट भरत असेल, शिंपी, चांभार, इलेक्ट्रिशियन, सायकलवाला, तर आधी त्यांना भेटा. त्यांची धास्ती रास्त आहे. त्यांच्याकडे जाऊन सांगा की आम्ही जे फेकून दिलं जाणार होतं तेच घेणार, आणि वेळखाऊ किंवा अवघड काम तुमच्याकडे पाठवणार. आणि खरंच पाठवा. बूट, मोटर री-वाइंडिंग, शिलाई मशिनचं टायमिंग, ही कामं हौशी लोकांनी तीन तासांत उरकायची नाहीतच. त्यांच्यापैकी कुणी शिकवायला आलं तर त्या वेळेचे पैसे द्या, 'समाजकार्य आहे' म्हणून फुकट राबवू नका.

शेवटी उरलेलं

काही वस्तू संपलेल्याच असतात, आणि तसं स्पष्ट सांगता यायला हवं. 'बघू पुढच्या वेळी' म्हणत कोपऱ्यात ढीग लावला की वर्षभरात ती खोली भंगारची होते. मालक तयार असेल तर कामाचे भाग काढून घ्या: स्विच, मोटर, स्क्रू, स्प्रिंग, चांगली वायर, चेनचा रनर, बटणं, बिजागऱ्या. डबे करून नावं लिहा, आणि डबा भरला की नवं आल्यावर जुनं काढा, साठवायचा मोह आवरा. फोन-लॅपटॉपमधला डेटा मालकासमोर पुसा, बॅटरी निघत असेल तर वेगळी काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा, टोकं एकमेकांना टेकून शॉर्ट होतात. जी विजेची वस्तू धोकादायक ठरली तिचा प्लग आधी सॉकेटमधून काढा, मग वायर वस्तूच्या अगदी जवळून कापून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी परत लावणार नाही. मग ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे, आणि वहीत 'संपली' समोर तारीख.